गायरानावरचे गोल्फ

नाशिक शहरात एक मोठे मैदान आहे. सरकारी कागदावर त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या कोवळ्या पोराने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी पत्करली, त्याची ही आठवण. पण गावाच्या तोंडी आजही एकच नाव आहे : गोल्फ क्लब! पहाटे तिथे पेन्शनर मंडळी फेऱ्या घालतात, पोरे क्रिकेट खेळतात, रणजीचे सामने होतात, सभा गाजतात. गोल्फ तेवढे कुणी खेळत नाही.

लहानपणी मला वाटे, गोल्फ हे कुणा साहेबाचे नाव असावे. जॅक्सनसाहेब तसा गोल्फसाहेब. आजोबांना विचारले, तर ते पान चघळता चघळता म्हणाले, "असेल बाबा. गोऱ्यांची नावे कुठवर लक्षात ठेवायची?" गोल्फ हा खेळ आहे, लांब काठीने चेंडू मारीत मारीत तो दूरवरच्या भोकात घालावयाचा असतो, गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करतो तसलीच ती अठरा भोके असतात, हे पुढे कळले. आणि हेही मनात पक्के बसले की हा साहेबांचा, सावकारांचा खेळ, कुंपणाच्या आतला. आपला आणि त्याचा संबंध फक्त कुंपणाबाहेरून पाहण्यापुरता.

ही समजूत चाळिशी उलटेपर्यंत टिकली. मग एका डिसेंबरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो नोकरीनिमित्त स्कॉटलंडात असतो. नाताळच्या सुट्टीत दूरच्या एका बेटावर गेला होता. त्याने लिहिले होते, "गुरुजी, इथे गोल्फच्या मैदानावर गाई चरतात. कुणी हाकलीत नाही. उलट क्लबवालेच सांगतात की हिवाळ्यात मैदान गाईंचे."

हे वाक्य वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्याचे कारण गोल्फ नव्हते. त्याचे कारण आमच्या गावचे गायरान होते.

मी जिथे मास्तरकी करतो त्या गावी शाळेला मैदान नव्हते. पोरे रस्त्यावर कबड्डी खेळत. काही वर्षांपूर्वी मी पुढाकार घेतला. ग्रामपंचायतीने ठराव केला, शाळेला लागून असलेला गायरानाचा एक तुकडा मिळाला, आणि आम्ही श्रमदान मांडले. पंधरा दिवस सारे गाव राबले. धोंडे काढले, बाभळीची खुंटे उपटली, चर बुजवले. बायांनी मातीच्या पाट्या वाहिल्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून पिठले-भाकरी खाल्ली. त्या रात्री मला आपण काहीतरी केले असे वाटले, हे कबूल केले पाहिजे. कादंबऱ्या लिहिताना तसे कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तारेचे कुंपण घालावयास गेलो, तर एक धनगर म्हातारी आपली सात-आठ शेरडे घेऊन उभी.

"गुरुजी, पोरं खेळतील, लई चांगलं झालं. पन माझ्या शेरडांनी कुठं जायाचं?"

मी म्हणालो, "आजी, गायरान साऱ्या गावाचे आहे."

ती म्हणाली, "साऱ्या गावाचं. मग त्यात माझी शेरडं न्हाईत व्हय?"

मला उत्तर सुचले नाही. कुंपण मात्र त्याच दिवशी झाले. तेव्हा कुठल्याशा परदेशी बेटावर गोल्फच्या मैदानात गाई चरतात आणि क्लबवाले त्यांना हाकलीत नाहीत, हे कसे झाले, याचा शोध घेतल्याशिवाय मला चैन पडेना. त्या शोधात जे हाती लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की गोल्फ हा मुळात साहेबांचा खेळ नव्हेच. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा करून त्याला बंदी घातली होती. लोक तिरंदाजीचा सराव टाकून चेंडूमागे धावू लागले म्हणून! कायद्याने खेळ बंद पडत असते, तर मधल्या सुट्टीतले गोट्यांचे डाव आमच्या हेडमास्तरांनी केव्हाच बंद पाडले असते. खेळ चालू राहिला. समुद्रकाठच्या वाळवट, गवताळ जमिनीवर चालू राहिला. कारण त्या जमिनीत धान्य पिकत नसे आणि ती कुणा एकाची नसे. आपल्या गायरानासारखीच ती. या जमिनीला तिकडे लिंक्स म्हणतात.

सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे पंढरपूर. तिथल्या आर्चबिशपला गावच्या लिंक्सवर ससे पाळावयाचे होते. १५५२ च्या सनदेने त्याला ती मुभा मिळाली. पण त्याच सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य करावा लागला. पुढे १७५४ साली बावीस बड्या मंडळींनी तिथे आपली संस्था काढली. तीच १८३४ पासून राजाच्या कृपेने 'रॉयल अँड एन्शंट' झाली. पण जमीन गावाचीच होती. १७९७ साली नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने ती विकून टाकली. लवकरच जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदानाची चाळण केली. मग वीस वर्षे कोर्टकचेऱ्या आणि मारामाऱ्या. तिथले लोक त्याला सशांचे युद्ध म्हणतात. १८२१ साली जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने मैदान विकत घेऊन खेळ वाचवला, आणि अखेर १८९४ मध्ये कायदा करून गावाने आपली जमीन परत मिळवली.

या गावची आणखी एक गंमत सांगतो. तिथल्या बाया धुतलेले कपडे वाळत घालावयास याच मैदानावर येत. आता साहेबाचा चेंडू जर कुणाच्या लुगड्यावर, म्हणजे तिकडच्या चादरीवर, जाऊन पडला तर काय करावयाचे? एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या स्थानिक नियमांत याची सोय आहे : चेंडूखालून कपडा हलकेच ओढून घ्यावा, आणि कपडे धुण्याचे पातेले आड येत असेल तर ते बाजूला सरकवावे. बाईला तिथून उठवावे, असे नियमात नाही! सुतार-गवंड्यांसारख्या कारागिरांनीही १८४३ साली आपला स्वतंत्र क्लब काढला. मैदान मात्र तेच. आणि आजही रविवारी जुन्या मैदानावर गोल्फ बंद असते. त्या दिवशी गाव पोराबाळांसह, कुत्र्यांसह तिथे हिंडते.

एवढे असूनही सारे काही गोडीगुलाबीचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. रॉयल अँड एन्शंटच्या सभासदांनी स्त्रियांना आपल्यात घेण्याचे ठरवले, ते सप्टेंबर २०१४ मध्ये. संस्था निघाल्याला तेव्हा दोनशे साठ वर्षे झाली होती. बायांनी वाट पाहिली नाही. १८६७ सालीच त्यांनी शेजारी आपला वेगळा क्लब काढला. त्यांच्या लहानशा मैदानावर एवढे चढउतार आहेत की त्याला लोक 'हिमालय' म्हणतात. क्लब बायांचाच, पण थोडे पैसे दिले की आज तिथे कुणीही खेळावे.

या सेंट अँड्र्यूजमध्ये १८२१ साली एका विणकराच्या घरी टॉम मॉरिस जन्मला. पोरवयात तो गोल्फचे चेंडू बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. त्या काळी चेंडू कातड्याचे असत, आत पिसे ठासून भरलेली. पुढे तो खेळाडू म्हणून गाजला, ओपन स्पर्धा चार वेळा जिंकला. पण त्याचे मोठेपण माझ्या मते वेगळे आहे. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून १९०३ पर्यंत तो आपल्या गावच्या मैदानाचा राखणदार होता. गवतावर वाळू पसरावी, ते जपावे, त्याला विश्रांती द्यावी, हे त्याने शिकवले. रविवारी खेळावयास आलेल्या बड्या लोकांना तो सांगे म्हणतात की तुम्हाला विसावा नको असेल, पण मैदानाला हवा आहे.

हाच मॉरिस सत्तरीला टेकला असताना, १८९१ साली, दूरच्या साउथ यूइस्ट बेटावर गेला. माझ्या विद्यार्थ्याचे पत्र याच बेटावरून आले होते.

साउथ यूइस्ट हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरातले बेट. लोकवस्ती दोन हजारांच्या आत, भाषा गेलिक. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला शिंपल्यांच्या वाळूची सपाट, सुपीक पट्टी. तिला ते लोक माखर म्हणतात. उन्हाळ्यात ती रानफुलांनी भरून जाते. तिथले शेतकरी म्हणजे क्रॉफ्टर. प्रत्येकाची चार-दोन तुकडे जमीन, आणि चराई सामाईक. समुद्राचे शेवाळ आणून शेतात घालावयाचे, ओट आणि राय पिकवावयाचे, गुरे-मेंढरे राखावयाची.

या बेटाच्या छातीवर एक जखम आहे. १८३८ साली ते कर्नल जॉन गॉर्डन नावाच्या धनाढ्याने विकत घेतले. १८४६ पासून बटाट्याचे पीक कुजू लागले, दुष्काळ पडला, सारा थकला. मालकाला माणसांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या. १८५१ साली गॉर्डनच्या माणसांनी साउथ यूइस्ट आणि शेजारच्या बारा बेटातून दीड हजारांहून अधिक माणसे जहाजांत भरून कॅनडाला पाठवून दिली. काहींना हात बांधून नेले, अशा साक्षी आहेत. पलीकडे पोचलेल्या त्या माणसांच्या अंगावर धड कपडेही नव्हते.

त्या गॉर्डनच्या मुलाची विधवा म्हणजे लेडी गॉर्डन कॅथकार्ट. १८९१ साली बेटाची मालकी तिच्याकडे होती. बेटावर पाहुणे यावेत, मासेमारी करावी, गोल्फ खेळावे, अशी तिची कल्पना. तिनेच मॉरिसला बोलावले. आस्कर्निश या वाडीच्या वाळूच्या टेकड्यांत त्याने अठरा होलांचे मैदान आखून दिले. म्हणजे पाहा, ज्या जमिनीवरून माणसे हाकलली, त्याच घराण्याच्या हौसेसाठी त्याच बेटावर खेळाचे मैदान झाले. क्रॉफ्टरच्या मनात गोल्फ या शब्दाला कसला वास येत असेल, हे आपल्याला सांगावयास नको.

बाई १९३२ साली वारली. पाहुणे येईनासे झाले. अठरा होलांची नऊ झाली. टेकड्यांतला उत्तम भाग वाळू आणि गवताखाली विसरला गेला. मूठभर गावकरी सपाट जागेवरची नऊ होले कशीबशी कापीत राहिले. या 'कशीबशी'ला मी फार मान देतो. स्कॉटलंडातले लहान क्लब असेच चालतात. कप्तान, सेक्रेटरी, खजिनदार ही सारी मानाची पदे, बिनपगारी. दिवसभर आपापले पोटाचे उद्योग करावयाचे आणि संध्याकाळी गवत कापावयाचे. पुष्कळ ठिकाणी पैसे घ्यावयास माणूसही नसतो. एक पेटी ठेवलेली असते, खेळणाऱ्याने आपणहून त्यात पैसे टाकावयाचे. आणि हे केवळ स्कॉटलंडातच असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, लंडनजवळच्या रिचमंड क्लबने तात्पुरते नियम लावले. त्यांत सभासदांना विनंती होती की मैदानावर पडलेले बाँबचे तुकडे वेचावेत, नाहीतर गवत कापण्याचे यंत्र बिघडेल! डोक्यावर विमाने, आणि ही मंडळी यंत्राची काळजी करताहेत. हसू येते; पण संस्था टिकतात त्या अशाच माणसांमुळे.

२००५ च्या अखेरीस गॉर्डन आयर्विन नावाचा मैदान-तज्ज्ञ आस्कर्निशला आला. नऊ होलांचे मैदान पाहून त्याला फारसे काही वाटले नाही. मग गावकऱ्यांनी त्याला वादळी हवेत टेकड्यांपलीकडे नेले. समोरची जमीन पाहून तो थबकला. मॉरिसचा नकाशा कुणाजवळ नव्हता. पण वाळूच्या उंचवट्यांवरून, खोलगटांवरून जुने मैदान कसे गेले असेल ते वाचता येत होते. जुन्या वाड्याच्या जोत्यावरून आपण देवघर कुठे, माजघर कुठे ते सांगतो ना, तसे.

आयर्विनने आपल्या कामाचे पैसे घेतले नाहीत. मार्टिन एबर्ट नावाच्या आखणीकारानेही घेतले नाहीत. गावकरी राबले, बाहेरून माणसे येऊन राबली. दूरदूरच्या लोकांनी आजीव सभासद होऊन पैसा उभा केला. मोठी यंत्रे लावून टेकड्या सपाट केल्या नाहीत. सशांची बिळे बुजवली, गवत कापले, आणि जमीन आहे तशी ठेवली. रासायनिक खते नाहीत, औषधे नाहीत. अशा रीतीने ऑगस्ट २००८ मध्ये मैदान पुन्हा खुले झाले.

त्याच काळात दुसरी मोठी घटना घडली. स्कॉटलंडने २००३ साली जमीनसुधारणेचा कायदा केला होता. त्याचे वारे घेऊन यूइस्टच्या लोकांनी ३० नोव्हेंबर २००६ रोजी आपली बेटेच विकत घेतली : ९३,००० एकर, किंमत ४५ लाख पौंड. गॉर्डनने विकत घेतली होती तीच ही जमीन. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी ती तिथल्या रहिवाशांच्या संस्थेची झाली.

इथे कादंबरीकाराने गोष्ट संपवली असती. पण इतिहास कादंबरीकाराचे ऐकत नाही. जमीन साऱ्या बेटाची झाली, श्रमदान झाले, मैदान झाले. आणि आस्कर्निशचे काही क्रॉफ्टर उभे राहिले. त्यांनी विचारले, आमच्या सामाईक चराईचे काय? वाद कोर्टाच्या पायरीपर्यंत गेला. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो तो हा प्रसंग. क्लबच्या लोकांना वाटत होते, आम्ही फुकट राबतो आहोत, गावात चार पैसे येतील, तरुण पोरे बेट सोडून जाणार नाहीत. क्रॉफ्टरांना वाटत होते, मालक बदलला, पण आमच्या गुरांना हाकलणे काही बदलत नाही. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

ही हकीगत वाचताना मी शरमलो. कारण मला वाटत आले होते की श्रमदान म्हणजे सगळ्या प्रश्नांचे उत्तर. घाम गाळला की हक्क आला. पण आपला घाम हा दुसऱ्याच्या हक्काची पावती नव्हे. फुकट राबणाऱ्या माणसाला एक सूक्ष्म अहंकार चढतो. त्याला वाटते, मी स्वतःसाठी काही करीत नाही, मग माझ्या आड येणारा स्वार्थीच असला पाहिजे. त्या म्हातारीला मी मनातल्या मनात तसेच म्हटले होते.

आस्कर्निशच्या मैदानावर मात्र आज हिवाळ्यात क्रॉफ्टरांची गुरे चरतात. उन्हाळ्यात गोल्फ. गुरे गवत कापतात, जमिनीला खत देतात, आणि वसंतात मैदान खेळाडूंच्या हाती येते. शेण तेवढे चुकवावे लागते! शतकानुशतके त्या पट्टीवर हेच चालत आले होते.

हे सारे वाचून झाल्यावर, गेल्या वैशाखात मी त्या म्हातारीच्या घरी गेलो. आठ शेरडांतली तीन उरली होती. बाकीची विकली, असे ती म्हणाली. चाऱ्यासाठी लांब माळावर जावे लागे, ते तिच्या पायांना झेपेना. मी तिला त्या बेटाची, त्या गाईंची सारी गोष्ट सांगितली. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने मैदानात चिखल असतो, पोरे खेळत नाहीत, गवत गुडघाभर वाढते. तेवढे महिने कुंपणाचे फाटक उघडे ठेवावे असे मी ग्रामपंचायतीला सुचवणार आहे, तेही सांगितले.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग शेळीच्या पाठीवर हात फिरवीत म्हणाली, "गुरुजी, सातासमुद्रापल्याडच्या गाईंचं ऐकू आलं तुमाला. मी तर हितंच हुते."

ग्रामपंचायतीत अर्धा तास वाद झाला. मग ठराव मंजूर झाला. यंदा मृगाचा पाऊस पडला, गवत वर आले, आणि फाटक मी माझ्या हाताने उघडले. दिवाळीची सुट्टी संपली की ते पुन्हा लावू. तोपर्यंत शाळेच्या मैदानावर तीन शेरडे आहेत. आता त्यांतली एक गाभण आहे.